अनामिका, डावा हात

आधी वीस मिनिटं नुसतं बसायचं.
हात मांडीवर, हीटरपासून लांब,
बोटांना खोलीची सवय होऊ द्यायची.
बाहेर जयेंद्रगंजात अकरा वाजले तरी धुकं उठलेलं नाही
आणि दाराच्या कडीला लागली तेवढ्यात माझी बोटं
दुसऱ्या पेरापर्यंत पांढरी.
पांढरी, मग निळी, मग लाल:
तीन हिवाळे हा झेंडा मी एकटीच फडकवते आहे.

बत्तीस वर्षं ए.जी. ऑफिसात काढली.
शिवपुरीचे पूल, भिंडच्या विहिरी,
कागदावर खणलेल्या, कागदावरच पाणी लागलेल्या,
सगळ्यांवर माझ्या हिरव्या पेन्सिलीची खूण.
आज माझी वही उघडायची पाळी.

डॉक्टर रुचिरा भदौरिया, वय असेल तीस.
"नेलपॉलिश?"
"जन्मात नाही."
नखाच्या मुळाशी ती तेलाचा एक थेंब ठेवते.
कातडी कोरडी असली की उजेड वरच्यावर उधळतो म्हणे,
तेल लावलं की आत शिरतो.
हे मला पटलं.
काही साहेबांशी मीही तेल लावूनच बोलायचे.

अंगठे लागत नाहीत. आठच बोटं.
त्यात सगळ्यात स्वच्छ दिसते अनामिका,
जिला आपण नावच दिलं नाही
आणि अंगठी मात्र घातली.
माझी गेल्या श्रावणात सोनाराने कापून काढली.
वळ अजून आहे.

हिरवा उजेड. रक्त हिरवं गिळतं, म्हणून काळं दिसतं.
पडद्यावर आधी नुसते चंबळचे बीहड, धूसर,
मग एकदम
केसांचे आकडे!
एका ओळीत, वळणं माझ्याकडे करून,
आईच्या पत्र्याच्या डबीत असायचे तसे,
आणि प्रत्येकात काहीतरी चाललेलं,
एका बाजूने वर, वळून दुसऱ्या बाजूने खाली,
कणामागे कण,
कुणी कुणाला ढकलत नाही.

"हे कधीचं?" मी विचारलं.
सवय. कागदाला तारीख लागते.
"आत्ताचं."
"आत्ता म्हणजे?"
"आत्ता."

मी श्वास धरला. ते थांबलं नाही.

"आंटी, हलू नका."
हलत नव्हते.
चित्रच ठोक्याठोक्याला किंचित सरकायचं,
ती धरायची, ते निसटायचं.
मेलेलं असतं तर एका झटक्यात आलं असतं,
असं मी बोलून गेले
आणि ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली,
"मग हे मशीनही स्वस्तात आलं असतं."

मग मोजणी. तिची तोंडाने, माझी मनात.
एका मिलिमीटरात सात तरी हवेत.
तर्जनी सात. मधलं सहा, त्यातला एक फुगलेला.
अनामिकेवर दोन,
मग कोरी जागा,
मग पुन्हा दोन.

कोरी जागा मला ओळखता येते.
हरवलेलं व्हाउचर असंच दिसतं:
वरची नोंद आहे, खालची आहे,
मधेच कुणीतरी बोलायचं थांबलंय.
तिथे मी प्रश्नचिन्ह काढून खुलासा मागवायचे,
पंधरा दिवसांची मुदत देऊन.
इथे कुणाच्या नावे पत्र काढू?

तिने फोटो घेतला, खाली लिहिलं:
अनामिका, डावा हात.
औषध, लोकरीचे हातमोजे, गार पाण्यात भांडी नाहीत,
तीन महिन्यांनी हीच जागा पुन्हा बघू.
हीच. जणू ती तोवर कुठे जाणारच नाही.

कोपऱ्यावर पाव किलो गजक घेतली.
तीळ कुटणाऱ्या पोराची बोटं उघडी, लालबुंद.
मी त्याच्या नखांच्या कडेकडे इतकी बघत राहिले
की तो म्हणाला, "अम्मा, सुट्टे नाहीत का?"

सुट्ट्यांसाठी पर्स उघडली तर दवाखान्याच्या पावतीवर
तेलाचं एक बोट उमटलेलं,
कागद तेवढ्यापुरता आरपार.
बल्बासमोर धरली.
डागापलीकडे त्याचा हातोडा,
अंधुक,
वर जात होता, खाली येत होता.